गाठ एकच, पण आतल्या पेशी? पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये नेमकं काय चालतं

नमस्कार मंडळी. "औषधानं गाठ चांगली कमी झाली होती, मग परत कशी वाढली?" मोठ्या आतड्याचा कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचला की घरच्यांच्या तोंडी हा प्रश्न हमखास येतो. बऱ्याच जणांना वाटतं, औषधाचा जोर ओसरला असेल. औषध तेच असतं हो. गाठीतली वस्ती बदललेली असते.

बायोप्सीच्या (गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या) रिपोर्टवर एकच शब्द असतो, ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीच्या पेशींपासून झालेला कॅन्सर, आणि आपण समजतो की आतल्या सगळ्या पेशी एका साच्यातल्या. कॅन्सर-संशोधक पीटर नोवेल यांनी १९७६ मध्येच सांगितलं होतं की गाठ एका पेशीपासून सुरू झाली तरी पुढे तिच्या वंशाला फाटे फुटत जातात. मग १९९० मध्ये फिअरन आणि व्होगेलस्टाइन या संशोधकांनी आतड्याच्या कॅन्सरच्या पायऱ्या मांडल्या: आधी एपीसी हे जनुक बिघडतं, मग केआरएएस, मग टीपी५३. पाठ्यपुस्तकात हे फार देखणं दिसतं. खरी गाठ इतकी शिस्तीत वागत नाही.

आता सेटुक्सिमॅबचं बघा. हे औषध पेशीच्या पृष्ठभागावरचा ईजीएफआर नावाचा रिसेप्टर, म्हणजे वाढीचा निरोप घेणारं प्रथिन, अडवतं. पण आत केआरएएस बिघडलेलं असेल तर वाढीचा हुकूम तिथूनच सुटतो, रिसेप्टर अडवून काही होत नाही. म्हणून आधी टेस्ट करतात. २०१२ मध्ये 'नेचर'मध्ये एक अभ्यास आला. ज्यांच्या गाठीत केआरएएस ठीक होतं अशा २४ पेशंटना याच जातीचं औषध दिलं होतं. त्यातल्या ९ जणांच्या रक्तात पुढे बिघडलेलं केआरएएस सापडलं, साधारण पाच-सहा महिन्यांत. गणित मांडल्यावर दिसलं की तशा मूठभर पेशी बहुधा पहिल्या डोसच्या आधीपासूनच आत होत्या. औषधानं बाकीच्या मारल्या आणि यांना रान मोकळं झालं.

औषध थांबवलं की या पेशींचं प्रमाण हळूहळू घटतं. इटलीतल्या क्रोनोस ट्रायलमध्ये, २०२२ मध्ये निकाल आले, रक्त तपासून असे बदल नसलेले पेशंट निवडले आणि त्याच जातीचं पॅनिटुमुमॅब पुन्हा दिलं. २७ पैकी ८ जणांची गाठ आकसली. सगळ्यांना लागू पडलं नाही, पण एकदा निकामी ठरलेलं औषध पुन्हा चालू शकतं, हे काय कमी आहे?

इथवर जनुकांचं झालं. मला खरी गंमत वाटते ती पुढे. आतड्यातली मूळ गाठ आणि लिव्हरमधली गाठ यांची जनुकं शेजारी ठेवली तर मुख्य बिघाड बहुतेक वेळा तेच असतात. 'पसरण्याचं' असं खास म्युटेशन, म्हणजे जनुकातला बदल, काही हाती लागलेलं नाही. मग फरक कुठे आहे? पेशीच्या वागण्यात.

(स्क्रीनवर: निरोगी आतड्याच्या अस्तराचा आडवा छेद)

हे खोलगट खड्डे दिसतात ना, यांना क्रिप्ट म्हणतात. तळाशी स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशी, बसलेल्या आहेत. एलजीआर५ नावाचं प्रथिन ही त्यांची खूण. त्या विभागतात, नव्या पेशी वर सरकत जातात, कुणी चिकट द्रव बनवते, कुणी पाणी शोषते, आणि चार-पाच दिवसांत वर पोचून गळून पडतात. कॅन्सर झाला तरी ही उतरंड पुरती मोडत नाही. गाठीतही एलजीआर५वाल्या पेशी असतात आणि नसलेल्याही.

२०१७ मध्ये उंदरांवर एक प्रयोग झाला. गाठीतल्या फक्त एलजीआर५वाल्या पेशी मारल्या. मूळ गाठ काही नाहीशी झाली नाही. मारणं थांबवल्यावर उरलेल्यांपैकीच काहींनी एलजीआर५ परत मिळवलं आणि वाढ पुन्हा सुरू. लिव्हरमध्ये मात्र या पेशींवाचून नव्या गाठी उभ्या राहीनात. मग वाटेल की आतड्यातून निघून लिव्हरपर्यंत जातात त्याही याच असणार. नाही! २०२० मध्ये दिसलं की बाहेर पडणाऱ्या बहुतांश पेशींवर ही खूण नव्हती. लिव्हरमध्ये ठाण मांडल्यावर त्यांच्या वंशात ती पुन्हा उगवली. म्हणजे प्रवासाला एक रूप, वस्ती करायला दुसरं, आणि मधे जनुक बदलायची गरजच नाही.

उपचारात याची अडचण अशी की सुईची बायोप्सी एका गाठीच्या एका कोपऱ्याचं सांगते. रक्तातला डीएनए अनेक गाठींमधून येतो, त्यामुळे म्युटेशनचं चित्र मोठं मिळतं, पण पेशीनं रूप बदललं तर ते म्युटेशनच्या यादीत उमटत नाही. त्यासाठी पेशी एकेक करून वाचाव्या लागतात, आणि ते काम अजून मुख्यतः संशोधनाच्या लॅबमध्येच चालतं. तेव्हा उपचार बदलताना डॉक्टरांनी "जुना रिपोर्ट आहे, पण पुन्हा तपासू" म्हटलं, तर जुना रिपोर्ट चुकला होता असं धरू नका. तो त्या दिवशीच्या, त्या कोपऱ्यातल्या पेशींचा होता.