बारा महिन्यांचा मृग

श्रोतेहो, नमस्कार.

जूनचा पहिला आठवडा सरत आला की आपल्या सोलापूर जिल्ह्यात पारापारावर मृगाची चर्चा सुरू होते. साधारण ७ किंवा ८ जूनला सूर्य मृग नक्षत्रात जातो आणि मृग लागला असे आपण म्हणतो. मात्र सूर्य आकाशाच्या त्याच भागात असल्यामुळे मृगाचे तारे त्याच्यासोबत दिवसा उगवतात आणि त्याच्यासोबतच मावळतात. त्यामुळे हे नाव सर्वांच्या तोंडी असते, नेमके तेव्हाच ते नक्षत्र डोळ्यांना दिसत नाही. पंचांगात पावसाचे वाहन बेडूक की म्हैस हे आपण आवर्जून पाहतो. तेवढ्याच आवर्जून मृगाचे तारेही पाहावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मृगाचे चार पाय, पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे आणि मागे उभा असलेला व्याध आपल्या परिचयाचे आहेत. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्याने प्रत्येक तारा आदल्या दिवसापेक्षा सुमारे चार मिनिटे लवकर उगवतो. पुन्हा सांगतो, दिवसाला चार मिनिटे, म्हणजे पंधरवड्याला एक तास आणि महिन्याला दोन तास. हे मला शाळेत जाण्याआधीच आजीकडून समजले होते.

माझे आजोबा सोलापुरातील एका कापड गिरणीत दुसऱ्या पाळीला होते. पाळी मध्यरात्री सुटे आणि भोंगा वाजे. भोंगा ऐकून चूल पेटवली तर दमून आलेल्या माणसाला ताटकळत बसावे लागेल, म्हणून आजीला अर्धा तास आधीच उठायचे असे. घरात घड्याळ नव्हते. कडक भाकरी डब्यात असेच, पण रात्री कामावरून येणाऱ्याला तव्यावरची फुगलेली भाकरीच मिळाली पाहिजे, असा तिचा बाणा होता, आणि मलाही तो पूर्णपणे पटतो. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिने माळवदावरून आकाश पाहून खूण ठरवली: तिकांडे, म्हणजे बाणाचे ते तीन तारे, अंगणातल्या लिंबाच्या शेंड्यावर आले की चूल पेटवायची. काही दिवस हे उत्तम जमले. पुढे मात्र भाकरी होऊन निवून जाई आणि भोंगा वाजतच नसे. संक्रांतीपर्यंत तासाभराचा फरक पडला. शेजारणींनी गिरणीचा भोंगाच उशिरा होतो असे ठरवून टाकले; पण आजी दोन-तीन रात्री जागी राहिली आणि भोंगा वाजताना तिकांडे कुठे असते ते तिने पाहून ठेवले. तेव्हा तिच्या ध्यानात आले की भोंगा जागच्या जागी आहे आणि तिकांडेच दर पंधरवड्याला पश्चिमेकडे सरकते आहे. किती सरकते, तेही तिने हात लांब करून मोजले: दीड मूठ. मग तिने दर पौर्णिमेला आणि अमावास्येला खूण बदलायला सुरुवात केली. लिंबावरून ती शेजारच्या धाब्याकडे गेली, माघात देवळाच्या कळसापाशी आली आणि होळीच्या सुमारास पश्चिमेला गिरणीच्या चिमणीच्या टोकाशी पोहोचली. "तिकांडं चिमणीला टेकलं की तवा ठिवायचा," असे ती आम्हाला सांगे. चैत्रात मृग चिमणीआड गेला की ती आग्नेयेला उगवणाऱ्या विंचवाकडे वळे. लांब केलेल्या हाताची मूठ आकाशात साधारण दहा अंश झाकते आणि तारे पंधरवड्यात पंधरा अंश पुढे जातात. आजीचे माप अचूक होते.

एका रात्रीत पन्नास नक्षत्रांची नावे पाठ करण्यापेक्षा एकच नक्षत्र वर्षभर पाहावे, या मताचा मी आहे. ज्यांना मृगाची सवय होती, त्यांना २०१९ च्या अखेरीस मृगातला तांबूस तारा काक्षी मंदावल्याचे नुसत्या डोळ्यांनी कळले. २०२० च्या फेब्रुवारीत तो सर्वांत मंद झाला. ताऱ्याने बाहेर फेकलेल्या द्रव्याची धूळ होऊन ती आड आल्याने असे घडले, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी नंतर काढला.

सोलापुरातून डिसेंबरच्या मध्यास मृग संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास उगवतो, हुरड्याच्या दिवसांत रात्री डोक्याजवळ येतो आणि मेच्या मध्यास तिन्हीसांजेला पश्चिमेला टेकलेला असतो. त्यानंतर तो दिसतो एकदम जुलैच्या उत्तरार्धात, पहाटे. महिनाअखेरीस साडेचारला गच्चीवर जाऊन पूर्वेकडे पाहावे. बाणाचे तीन तारे नेमके पूर्वेला, जवळजवळ एकावर एक उभे दिसतील. डावीकडे काक्षी आणि उजवीकडे निळसर पांढरा राजन्य तारा असेल. व्याध त्यांच्यामागून सुमारे दीड तासाने उगवतो, म्हणून त्याला पाहण्यासाठी ऑगस्टच्या मध्यापर्यंत थांबावे लागेल. १५ ऑगस्टला मुले प्रभातफेरीसाठी लवकर उठतातच. त्या दिवशी ढग नसतील तर त्यांना पाच वाजता गच्चीवर न्यावे आणि बाणाच्या रेषेत खाली आग्नेयेकडे पाहायला सांगावे.

नमस्कार.