गिलगितचे धनी आणि गिलगितची वाट

मित्रहो, काश्मीरच्या उत्तरेला काराकोरमच्या डोंगरांत वसलेल्या गिलगितचा इतिहास सांगताना राजांची यादी दिली की ती लगेच विसरली जाते. म्हणून आज मी वाटेकडून सुरुवात करतो. इथे कोण राज्य करणार हे बहुतेक वेळा लढाईआधीच ठरलेले असे. फौजेला धान्य कुठून येणार, आणि ती वाट वर्षातून किती महिने उघडी राहणार, यावर सगळे अवलंबून होते.

गिलगित समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटरांवर आहे. पाऊस वर्षाला दीडशे मिलिमीटरच्या आतबाहेर. शेती होते ती हिमनद्यांचे वितळलेले पाणी पाटांनी आणून. गावापुरते पिकते, पण बाहेरून आलेल्या हजार सैनिकांना पुरेल एवढे शिल्लक राहत नाही. श्रीनगरहून गिलगित साधारण ३६० किलोमीटर, मध्ये बुर्झिलसारखी चार हजार मीटरांहून उंच खिंड, आणि हिवाळाभर तिथे बर्फ. आता हिशेब करा. हमालाच्या पाठीवर २५ किलो ओझे, त्याचे रोजचे खाणे एक किलो, जायला वीस-बावीस दिवस आणि यायला तेवढेच. जाता-येता तो स्वतःच ओझ्याहून जास्त खातो. म्हणजे टप्प्याटप्प्यावर आधीच कोठारे भरून ठेवल्याशिवाय इथे फौज टिकतच नाही. डोगरा राजवटीत, म्हणजे जम्मूच्या डोगरा घराण्याने काश्मीरवर राज्य केले त्या काळात, या वाटेवरची बेगार काश्मीरच्या शेतकऱ्याला इतकी भयंकर का वाटे, ते या हिशेबातून कळते.

आठव्या शतकात हा भाग चिनी कागदपत्रांत ‘छोटा बोलू’ म्हणून येतो. इथे पलोला शाही हे बौद्ध राजघराणे नांदत होते. १९३१ साली नौपूरला भूर्जपत्रांवरच्या ज्या पोथ्या सापडल्या, त्या याच परंपरेतल्या. सुमारे ७३७ मध्ये तिबेटने हा प्रदेश आपल्या वर्चस्वाखाली आणला. ७४७ मध्ये चीनच्या तांग घराण्याचा सेनापती गाओ शिआनझी दहा हजारांची फौज घेऊन पामीर ओलांडून आला. त्याने फौजेचे तीन भाग करून त्यांना वेगवेगळ्या वाटांनी आणले आणि वाखानमध्ये एकत्र केले, कारण एकाच दरीत एवढ्या घोड्यांना चारा मिळाला नसता. दार्कोटची हिमाच्छादित खिंड उतरून त्याने तिबेटच्या बाजूचे सरदार पकडले, आणि लगेच नदीवरचा वेलींच्या दोरांचा झुलता पूल तोडायला माणसे पाठवली. बाणाच्या एका टप्प्याएवढा लांब तो पूल बांधायला वर्ष लागले होते. तो संध्याकाळी तुटतो न तुटतो तोच तिबेटी कुमक पलीकडच्या काठावर पोहोचली. माझ्या मते या प्रदेशातला सर्वांत नेमका लष्करी निर्णय हाच.

मधली शतके स्थानिक राजांची. यासीन, हुंझा, नगर यांची आपसांतली भांडणे न संपणारी होती.

१८४२ मध्ये नथू शाहच्या हाताखाली शीख फौज गिलगितला आली. १६ मार्च १८४६ च्या ब्रिटिशांबरोबरच्या अमृतसर तहाने जम्मूच्या डोगरा राजा गुलाबसिंगाला ७५ लाख नानकशाही रुपयांना डोंगराळ मुलूख मिळाला, तो सिंधूच्या पूर्वेचा. गिलगित मात्र सिंधूच्या पलीकडे आहे! तहाच्या शब्दांत न बसणारा हा तुकडा तलवारीनेच राखायचा होता, आणि तो राखता आला नाही. १८५२ मध्ये यासीनच्या गौर रहमानने गिलगितला वेढा घातला. मदतीला निघालेली डोगरा सरदार भूपसिंगाची तुकडी एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला नदी अशा जागी अडकली आणि तिथेच संपली. आठ वर्षे डोगरा सत्ता सिंधूच्या अलीकडे थांबली. गौर रहमान वारल्यावर, १८६० मध्ये, गुलाबसिंगाचा मुलगा रणबीरसिंग याच्या फौजेने गिलगित पुन्हा घेतले.

रशियाच्या धास्तीने ब्रिटिशांनी १८७७ मध्ये गिलगितला एजन्सी, म्हणजे आपल्या राजकीय अधिकाऱ्याचे ठाणे, उघडली, १८८१ मध्ये उठवली, १८८९ मध्ये पुन्हा बसवली. त्यानंतर दहा फुटी खेचरवाट झाली आणि मग कुठे १८९१ ची हुंझा-नगर मोहीम शक्य झाली. १९३५ मध्ये एजन्सीचा भाग साठ वर्षांच्या पट्ट्याने थेट ब्रिटिशांकडे गेला. बारा वर्षांतच, १ ऑगस्ट १९४७ ला, तो काश्मीरच्या महाराजांकडे परत आला.

परत आला तो कागदावर. महाराजांचे गव्हर्नर घनसारासिंग पोहोचले, पण बंदुका गिलगित स्काउट्स या ब्रिटिशांनी उभारलेल्या स्थानिक दलाच्या हातात होत्या. संस्थानाची पलटण होती बुंजीला, सिंधूच्या दुसऱ्या काठावर, आणि तिच्यातही फूट पडली. ३१ ऑक्टोबरच्या रात्री स्काउट्सनी गव्हर्नरांच्या घराला वेढा घातला, दुसऱ्या दिवशी त्यांना अटक झाली. श्रीनगरहून मदत पाठवायची तर बुर्झिलवर हिवाळा आलेला. १६ नोव्हेंबरला पाकिस्तानचा राजकीय अधिकारी दाखल झाला.

पुढे भारत-पाकिस्तान युद्धात, गिलगितच्या आग्नेयेला असलेल्या स्कर्दूला संस्थानी फौजेचे अधिकारी शेरजंग थापांनी १४ ऑगस्ट १९४८ पर्यंत, जवळजवळ सहा महिने, वेढा झेलला. सुटकेला निघालेल्या तुकड्या वाटेतच अडवल्या गेल्या आणि विमानातून टाकलेला दारूगोळा नेहमी त्यांच्या हाती पडत नव्हता. त्यांचे शौर्य कमी पडले नाही, रसद कमी पडली. श्रीनगरहून लडाखकडे जाणाऱ्या झोजिला खिंडीत याच्या उलट घडले. सप्टेंबरमधले पायदळाचे हल्ले फसल्यावर सॅपर्सनी, म्हणजे लष्कराच्या अभियंता तुकड्यांनी, बालतालची खेचरवाट रुंद केली आणि १ नोव्हेंबरला स्टुअर्ट रणगाडे ३,५०० मीटरांवर चढले. त्यामुळे द्रास, कारगिल आणि लेहची वाट भारताकडे आली. गिलगित मात्र पलीकडे राहिले. २७ जुलै १९४९ च्या कराची कराराने आखलेली रेषा एनजे ९८४२ या बिंदूला थांबली. त्यापुढच्या हिमनद्यांवर माणूस जाणारच नाही असे तेव्हा धरले गेले. १९८४ मध्ये सियाचेनवर नेमके तेच चुकीचे ठरले.

आज गिलगितची भिस्त पाकिस्तानला चीनशी जोडणाऱ्या काराकोरम महामार्गावर आहे. ४ जानेवारी २०१० ला अत्ताबादचा डोंगर हुंझा नदीत कोसळला, मागे तळे साचले आणि महामार्गाचे वीसेक किलोमीटर पाण्याखाली गेले. २०१५ मध्ये बोगदे खुले होईपर्यंत चीनकडून येणारा माल होड्यांतून पलीकडे न्यावा लागत होता.