रोजवुड की महोगनी? त्याआधी गिटारचा टॉप ऐका

(हातात ट्युनिंग फोर्क. गुडघ्यावर आपटून कॅमेऱ्यासमोर धरतो.)

हा ट्युनिंग फोर्क आहे, ४४० हर्ट्झचा. आत्ता वाजतोय. ऐकू येतोय का? मी कानाशी नेला तर मला येतोय, पण माइकपर्यंत जवळजवळ काहीच पोचत नाहीये. आता बघा.

(फोर्कची दांडी गिटारच्या ब्रिजवर, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या पट्टीवर, टेकवतो.)

आला! खोली भरली आवाजानं. फोर्क तोच आहे, मी तो पुन्हा आपटलेलाही नाही. फक्त लाकडाला टेकवला.

आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? हवेत धरलेला फोर्क बराच वेळ कुजबुजत राहतो. गिटारवर टेकवला की मोठ्यानं बोलतो आणि लवकर गप्प होतो. मी पुन्हा करून दाखवतो, या वेळी मनात सेकंद मोजा.

(दोन्ही प्रयोग पुन्हा. आवाज पूर्ण विरेपर्यंत थांबतो.)

आजचा सगळा विषय या दोन आवाजांत आहे. लाकूड आवाज वाढवतं असं आपण म्हणतो. पण लाकडात काही बॅटरी बसवलेली नसते. मी फोर्क आपटला तेव्हा जेवढी ऊर्जा त्यात गेली, तेवढीच आहे. लाकूड ती खर्च कशी करायची ते ठरवतं. गिटारमध्ये फोर्कच्या जागी तार असते. तारेतली ऊर्जा थोडी हवेत जाते, तो आपल्याला ऐकू येणारा आवाज. थोडी लाकडाच्या आतच जिरते, तिची नुसती उष्णता होते. आणि जी अजून खर्च झालेली नाही ती तारेतच राहते, त्याला आपण सस्टेन म्हणतो. प्रत्येक सुराच्या बाबतीत, त्या सुरातल्या प्रत्येक उपस्वराच्या, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणाऱ्या वरच्या बारीक सुरांच्या बाबतीत हा हिशेब वेगळा असतो. ‘या गिटारचा टोन गोड आहे’ असं म्हणताना आपण या हिशेबाबद्दलच बोलत असतो.

मग हा खर्च करतं कोण? मुख्यतः टॉप. ही पुढची फळी, जिच्यावर ब्रिज चिकटवलेला असतो.

(गिटार आडवी धरून टॉपची कड दाखवतो.)

हिची जाडी साधारण अडीच ते तीन मिलिमीटर. आणि स्टीलच्या लाइट गेज, म्हणजे पातळ, तारा सुरात लावल्या की सहा तारांचा मिळून ताण होतो सत्तर किलोच्या वर. एवढ्या ताणाखाली ही पातळ फळी वर्षानुवर्षं तगली पाहिजे, आणि तरीही बोटाच्या टोकानं हलकेच छेडलेल्या तारेनं ती थरथरली पाहिजे. दोन्ही मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. म्हणून टॉपसाठी असं लाकूड लागतं जे हलकंही आहे आणि ताठही. निसर्गात हे दोन गुण एकत्र फार कमी ठिकाणी सापडतात. स्प्रूस, म्हणजे थंड प्रदेशातलं एक सूचिपर्णी झाड, हे त्यातलं सगळ्यात मोठं नाव.

स्प्रूसच्या एका घनमीटरचं वजन सव्वाचारशे किलोच्या आसपास असतं. शिसव, म्हणजे आपण ज्याला इंडियन रोजवुड म्हणतो, ते आठशेच्या पुढे जातं. पण या हलक्या स्प्रूसमधून तंतूंच्या दिशेनं ध्वनी सेकंदाला पाच हजार मीटरपेक्षा जास्त वेगानं धावतो. हवेत तो वेग साधारण ३४० मीटर असतो, आणि पोलादाच्या सळईत पाच हजारांच्या आसपास. म्हणजे स्प्रूस पोलादाच्या बरोबरीनं धावतं, वजन मात्र पोलादाच्या अठराव्या भागाएवढं! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हातातल्या गिटारकडे बघतच राहिलो होतो.

अर्थात हा वेग फक्त तंतूंच्या दिशेनं. आडवं गेलं की तेच स्प्रूस बरंच ढिलं पडतं. म्हणून आतून लाकडी पट्ट्या चिकटवतात, ज्याला ब्रेसिंग म्हणतात. साउंडहोलमधून मोबाइलचा टॉर्च मारून बघा, एक्सच्या आकाराच्या पट्ट्या दिसतील. स्टीलच्या तारांच्या बहुतेक गिटारमध्ये हीच रचना असते.

आता स्प्रूसमध्येही भावंडं आहेत. सिटका स्प्रूस उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, अलास्का, ब्रिटिश कोलंबिया या भागातलं. तुमच्याकडे स्टीलच्या तारांची सॉलिड टॉप, म्हणजे थर न चिकटवता अखंड लाकडाचा टॉप असलेली, गिटार असेल तर ती बहुधा याचीच असेल. स्वच्छ, सरळ आवाज, कुठल्याही वादनाला चालतो. युरोपियन स्प्रूस आल्प्सच्या डोंगरांतलं, व्हायोलिनवाल्यांचंही लाडकं. आणि ॲडिरॉन्डॅक किंवा रेड स्प्रूस उत्तर अमेरिकेच्या पूर्वेचं. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या ज्या अमेरिकन गिटारांबद्दल लोक इतक्या आदरानं बोलतात, त्यातल्या पुष्कळ गिटारांचे टॉप याचे होते. मोठी झाडं तोडून संपत आली, तेव्हा कारखाने सिटकाकडे वळले. ॲडिरॉन्डॅकची ख्याती अशी की कितीही जोरात स्ट्रम करा, म्हणजे सगळ्या तारा एकदम छेडा, आवाज फाटत नाही.

सिडार नावाच्या दुसऱ्या लाकडाचा स्वभाव याच्या अगदी उलट.

(दुसरी गिटार घेतो. एकच तार हलक्या बोटानं छेडतो.)

ऐकलंत? मी जवळजवळ काहीच जोर लावला नाही. वेस्टर्न रेड सिडार स्प्रूसपेक्षा हलकं आणि मऊ असतं. हळुवार स्पर्शालाही ते लगेच उत्तर देतं, आवाज गोलसर येतो, थोडा उबदार. फिंगरस्टाइल, म्हणजे पिकशिवाय बोटांनी, वाजवणाऱ्यांना म्हणूनच ते आवडतं. पण आता मी पिक घेऊन जोरात स्ट्रम करतो.

(स्ट्रमिंग, हळूहळू जोर वाढवत.)

एका मर्यादेनंतर मी जोर वाढवतोय, पण आवाज तेवढा वाढत नाहीये. सगळे सूर एकमेकांत मिसळून जाताहेत. क्लासिकल गिटारच्या नायलॉन तारांचा ताण कमी, त्यामुळे तिथे सिडार छान रुळलं. माद्रिदच्या होसे रामिरेझ तिसरे यांनी १९६०च्या दशकात ते क्लासिकल गिटारमध्ये आणलं. त्याआधी शेकडो वर्षं तिथे स्प्रूसचंच राज्य होतं.

महोगनीचे टॉपही मिळतात. जास्त जड, त्यामुळे उपस्वरांची चमक कमी आणि मूळ सूर पुढे. कोरडा, ठाशीव आवाज. गाण्याच्या मागे रेकॉर्ड करताना तो गायकाच्या आड येत नाही, आणि हा मला फार मोठा गुण वाटतो.

आता जरा थांबा. मी आत्ता जे सांगितलं, ‘सिटका असं, सिडार तसं’, ते सरासरीबद्दल आहे. तुमच्या हातातली गिटार सरासरी नसते, ती एका विशिष्ट झाडाच्या एका विशिष्ट फळीची असते. एकाच सिटका झाडाच्या दोन फळ्यांमध्येही ताठपणाचा आणि वजनाचा बराच फरक निघू शकतो. म्हणून चांगला कारागीर फळी हातात घेतो, एका टोकाजवळ दोन बोटांत हलकेच लटकवतो आणि मध्ये टकटक करतो. काही फळ्या बद्द बोलतात. काही खणकन वाजतात आणि त्यांचा नाद रेंगाळतो. मग तो फळी दोन्ही हातांनी वाकवून बघतो आणि त्यानुसार किती तासायची ते ठरवतो.

हे तासणं किती महत्त्वाचं आहे ते सांगतो. फळीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. तीन मिलिमीटरची फळी तासून २.७ केली, म्हणजे जाडी फक्त दहा टक्क्यांनी घटली, तर ताठपणा सत्तावीस टक्क्यांनी घटतो. तीन-चार केसांच्या जाडीएवढा फरक आणि गिटारचा स्वभाव बदलला! कारागीर लाकडाच्या जातीनं केलेला फरक रंध्यानं पुसू शकतो, आणि वाढवूही शकतो.

बरं, मग रोजवुड आणि महोगनीचं काय? गिटार घेताना सगळ्यात जास्त चर्चा होते ती बॅक आणि साइडच्या, म्हणजे पाठीच्या आणि बाजूंच्या लाकडाची. इथे मला तुम्हाला १८६२ सालात न्यायचंय.

स्पेनमध्ये आंतोनियो दे तोरेस नावाचा कारागीर होता. आजच्या क्लासिकल गिटारचा आकार आणि रचना बऱ्याच अंशी त्याच्या हातून घडली. त्यानं एक गिटार बनवली, टॉप उत्तम स्प्रूसचा, आणि बॅक व साइड चक्क कागदाच्या लगद्याच्या. आवाजाचा जीव टॉपमध्ये असतो, हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. पुढे १९६६मध्ये ओव्हेशन कंपनीनं तोच मार्ग वेगळ्या तऱ्हेनं धरला. तिचा संस्थापक चार्ल्स कामान हा हेलिकॉप्टर बनवणारा इंजिनिअर. त्यानं पाठीमागे लाकडाऐवजी कृत्रिम पदार्थाचा गोल वाडगा लावला, आणि वर टॉप स्प्रूसचा. त्या गिटार मोठमोठ्या मंचांवर वाजल्या.

आणि २०१८मध्ये लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकाच कारागिराकडून, एकाच आराखड्यावर सहा गिटार बनवून घेतल्या. फरक फक्त बॅक आणि साइडचा: ब्राझिलियन रोजवुड, इंडियन रोजवुड, महोगनी, मेपल, सापेले, वॉलनट. बावन्न गिटारवादकांनी त्या वाजवल्या, डोळ्यांवर वेल्डिंगचे गॉगल लावून आणि मंद प्रकाशात, म्हणजे लाकूड दिसूच नये. आवाजाला दिलेले गुण सहाही गिटारांसाठी जवळपास सारखे निघाले. सगळ्यात दुर्मीळ आणि महाग ब्राझिलियन रोजवुडसुद्धा पुढे गेलं नाही.

मला हे मान्य करायला वेळ लागला. मी कित्येक वर्षं रोजवुडचा चाहता होतो. मग एका मित्रानं माझे डोळे बांधून दोन गिटार आळीपाळीनं हातात दिल्या. मी दोन्ही वेळा महोगनीची निवडली.

पण मग ही समजूत आली कुठून? ती निराधार नाही. रोजवुडची सुटी फळी लटकवून टकटक करा.

(करून दाखवतो. आधी रोजवुड, मग महोगनी.)

रोजवुड काचेच्या भांड्यासारखं वाजतं, कारण ऊर्जा त्याच्या आत फार कमी जिरते. महोगनी त्यामानानं कोरडी. पण हीच फळी गिटारमध्ये गेली की चारही बाजूंनी चिकटवली जाते, तिच्यावर ब्रेसिंग बसतं, आणि आपण बसून वाजवायला लागलो की ती आपल्या पोटाला टेकते. फळीचं मुक्त गाणं तिथेच दबतं. काहीच उरत नाही असं मी म्हणणार नाही. उरतं ते बारीक असतं, आणि तारा बदलल्या तर त्यापेक्षा मोठा फरक पडतो. शिवाय दुकानात रोजवुडची गिटार बहुतेकदा वरच्या श्रेणीची असते. तिचा टॉप, ब्रेसिंग, कधीकधी आकारही वेगळा असतो. आपण ऐकतो सगळं, आणि श्रेय जातं रोजवुडला.

महागाईचं कारण मुख्यतः दुर्मीळता आहे. मार्टिन कंपनीनं १९६९मध्ये ब्राझिलियन रोजवुड सोडून इंडियन रोजवुड घेतलं, कारण ब्राझीलनं ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली होती. १९९२पासून ब्राझिलियन रोजवुडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचे, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, सगळ्यात कडक निर्बंध आहेत. २०१७मध्ये रोजवुडच्या डालबर्जिया या वंशातली सगळीच झाडं कराराच्या नियंत्रणात आली. ब्राझिलियन सोडून बाकी रोजवुडच्या तयार वाद्यांना २०१९च्या अखेरीस सूट मिळाली, तोपर्यंत दुसऱ्या देशात गिटार विकताना कागदपत्रांची दमछाक व्हायची. ही झाडं वाचायला हवीत. आणि वॉलनट, मेपल, सापेले यांच्या गिटारही चांगल्या वाजतात हे कळल्यावर तर रोजवुडचा हट्ट धरायचं कारणच उरत नाही. रंग आणि रेषा आवडतात म्हणून जुनी रोजवुडची गिटार जपत असाल तर जरूर जपा. सुंदरच दिसते ती.

नेक आणि फ्रेटबोर्डच्या लाकडावर मी आज वेळ घालवत नाही. त्याचा संबंध हाताला काय वाटतं याच्याशी जास्त आहे.

गिटार घेणार असाल तर पहिली चौकशी टॉपची करा: सॉलिड आहे की लॅमिनेट? लॅमिनेट म्हणजे पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेले. ते टिकाऊ असतं, दमट-कोरड्या हवेचा त्रास कमी होतो, पण तंतूंच्या एका दिशेचा तो ताठपणा, ज्याबद्दल मी इतका वेळ बोलतोय, तो त्यात विखुरला जातो. साउंडहोलच्या कडेला बघा. वरच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरत असतील तर सॉलिड. थर दिसले तर लॅमिनेट. बॅक आणि साइड लॅमिनेट असल्या तरी टॉप सॉलिड असलेली गिटार मी निर्धास्तपणे सुचवेन.

मग ती आधी अगदी हळू वाजवा, नंतर तुमच्या नेहमीच्या जोरात. तुम्ही बोटांनी वाजवता की पिकनं, त्यानुसार सिडार की स्प्रूस हे तुमचं तुम्हालाच कळेल. आणि दुसऱ्या कुणाला तरी वाजवायला सांगून तुम्ही समोर उभं राहून ऐका, डोळे मिटून. गिटारचा बराचसा आवाज पुढे जातो, वाजवणाऱ्याला तो अर्धाच कळतो.

आता हेडफोन लावा. माझ्याकडे दोन गिटार आहेत. एकाच आकाराच्या, दोघींचे टॉप सिटकाचे, तारा काल एकाच पाकिटातल्या लावल्यात. एकीची पाठ रोजवुडची, दुसरीची महोगनीची. मी तीच धून दोनदा वाजवतो, माइक हलवत नाही. कुठली पहिली ते सांगत नाही. ऐकून झाल्यावर तुमचं उत्तर कागदावर लिहा, आणि मगच पुढचा भाग बघा.

(स्क्रीन काळी होते. पहिली गिटार.)