ठुशी गळ्याला काचायला लागली तेव्हा

हा फोटो माझ्या मामेभावाच्या लग्नातला, 2009 चा. डावीकडून तिसरी उभी आहे ती माझी मावशी, गळ्यात ठुशी. आता हा दुसरा फोटो बघा, तीन वर्षांनंतरचा, तिच्याच मोठ्या मुलीच्या साखरपुड्यातला, आणि गळ्यात नुसतं मंगळसूत्र. ठुशी घातली नाही कारण मागची दोरी पूर्ण सैल केली तरी ती काचत होती. घरातले म्हणाले अंग सुटलंय, वय झालं आता, भात कमी कर. कुणीतरी म्हणालं सोनाराकडून ठुशी वाढवून घेऊया. गळा का वाढलाय हे कुणी विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

आणि नुसता गळाच नव्हता. त्या तीन वर्षांत मावशी मे महिन्यात अंगावर चादर घेऊन झोपायची, आम्ही पंखा पाचवर करायचो आणि ती उठून बंद करायची. पाच वाजता उठणारी बाई सात वाजले तरी उठवत नाही म्हणायची, केस विंचरले की फणी भरून केस, पायांच्या टाचा फुटलेल्या, पोट साफ होत नाही म्हणून रोज रात्री त्रिफळा, पाळी आली की आठ-आठ दिवस जायची नाही, आणि आवाज तर असा जाड झाला की फोनवर ओळखू यायचा नाही. भोंडल्याला सगळ्या गल्लीत पहिली सुरुवात करणारी होती ती, तिनं गाणं म्हणणंच सोडून दिलं. प्रत्येक तक्रारीला घरात वेगळं उत्तर तयार होतं, केसांना तेल, टाचांना कोकम, अंगदुखीला बाम. आणि सगळ्याला मिळून एकच शब्द, आळस. तो शब्द तिनं ऐकून घेतला, कारण तिला स्वतःलाही तसंच वाटायला लागलं होतं, हे ती आज सांगते तेव्हा मला अजून त्रास होतो.

कागलला एका डॉक्टरबाईंकडे ती गेली होती खरं तर खोकल्यासाठी. बाईंनी तपासता तपासता ग्लासभर पाणी दिलं आणि म्हणाल्या, माझ्याकडे बघत एक घोट घ्या. घोट घेताना गळ्यावरची सूज वर सरकून खाली आली. मग छोट्या हातोडीनं टाचेच्या मागच्या शिरेवर मारलं, पाय झटकला पण परत जागेवर यायला वेळ लागला. एवढ्यावरच त्यांना अंदाज आला होता, रक्ताचा रिपोर्ट नंतर आला, थायरॉईडची टेस्ट असते ती, टीएसएच, 78. नॉर्मल असतं साधारण 0.4 ते 4.

तर ही ग्रंथी, थायरॉईड. कंठाच्या जरा खाली, श्वासनलिकेला धरून बसलेली, वजन 15 ते 20 ग्रॅम, म्हणजे दीड-दोन तोळे फक्त. जेवणातून आलेलं आयोडिन ती ओढून घेते आणि त्यापासून टी-फोर आणि टी-थ्री ही हार्मोन्स बनवते, आणि हृदयाचे ठोके किती पडायचे, आतडी किती हलायची, अंगात ऊब किती ठेवायची, कातडी, केस, पाळी, मन, सगळ्याचा वेग यांच्यावर ठरतो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी असते, ती टीएसएच नावाचं हार्मोन पाठवून थायरॉईडला काम सांगते. थायरॉईड कमी पडली की पिट्युटरी जास्त जास्त टीएसएच सोडत राहते, म्हणून आजार वाढतो तसा हा आकडा वर जातो, आणि त्या सततच्या रेट्यानं कधीकधी ग्रंथीच फुगते. मावशीची ठुशी त्यामुळे काचत होती.

ही ग्रंथी का बिघडते? मावशीच्या बाबतीत तिच्याच शरीराची संरक्षण यंत्रणा ग्रंथीवर उलटली होती. जपानच्या हाशिमोटो नावाच्या डॉक्टरांनी 1912 मध्ये हे पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं, म्हणून त्यांचंच नाव आजाराला आहे. बायकांमध्ये हे पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त दिसतं आणि घराण्यात फिरतं. दुसरं जुनं कारण आयोडिनची कमतरता. 1956 साली हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन भाग केले, दोन भागांना आयोडिन घातलेलं मीठ आणि एकाला साधं, आणि काही वर्षांत आयोडिनवाल्या भागांतले गलगंड कमी झालेले दिसले. 1962 मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आपल्या घरातल्या मिठाच्या पुडीवर आयोडिनयुक्त लिहिलेलं असतं ते यातूनच आलं. म्हणून रोजच्या स्वयंपाकात सगळं सैंधव वापरायची जी फॅशन आलीय ती मला पटत नाही, सैंधवात सहसा आयोडिन घातलेलं नसतं. उपवासाला वापरा, रोज नको. पण हाशिमोटो असेल तर आयोडिन जास्त खाऊन तो बरा होत नाही, उलट बिघडू शकतो, हेही लक्षात ठेवा.

उपचार म्हणजे ही एवढीशी गोळी, लेव्होथायरॉक्सिन. 1891 मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका बाईला इंजेक्शननं दिला, ती त्या उपचारावर पुढे 28 वर्षं जगली. आता मेंढी लागत नाही, शरीरात जे हार्मोन बनत नाही तेच कारखान्यात बनवून गोळीत दिलेलं असतं, मायक्रोग्रॅममध्ये, त्यामुळे "आयुष्यभर केमिकल खायचं" ही भीती खरंच मनातून काढून टाका.

पण घ्यायची पद्धत महत्त्वाची, इथेच मावशीचे आठ महिने गेले. गोळी सुरू, तरी टीएसएच खाली येईना, डोस वाढत चालला. शेवटी बाईंनी विचारलं, गोळी घेता कशी? तर चहाबरोबर, आणि लगेच लोहाची गोळी. लोह आणि कॅल्शियम हिला आतड्यात शोषूच देत नाहीत, मध्ये चार तास हवेत, आणि चहा-नाश्ता गोळीनंतर अर्ध्या ते एक तासानं. हे बदललं आणि सहा-आठ आठवड्यांनी टेस्ट केली, आकडा खाली. मग रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तिनं स्वतःच गोळी बंद केली, आणि दोन महिन्यांत परत चादर. रिपोर्ट नॉर्मल येतो तो गोळीमुळे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सोडायची नाही.

याच्या उलटही होतं, ग्रंथी जास्तच काम करते, वजन उतरतं, छातीत धडधड, हात थरथरतात, काहींचे डोळे पुढे येतात. त्याला कार्बिमाझोलसारख्या गोळ्या, नाहीतर किरणोत्सारी आयोडिन, नाहीतर ऑपरेशन. मुंबईत परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून आहे, थायरॉईडचे पेशंट तिथे लांबलांबून येतात.

आज सकाळचं हे शूटिंग आहे. साडेपाच वाजलेत, देवघराशेजारी बाटली, मावशी पाण्याबरोबर गोळी घेते, मग सडा, मग रांगोळी, रांगोळी होईपर्यंत अर्धा तास होतो आणि मग चहा. आवाज परत आलाय. ठुशीची दोरी अजून थोडी सैल ठेवावी लागते, पण काचत नाही.

तिच्या धाकट्या मुलीला मागच्या महिन्यात दिवस गेल्याचं कळलं. पोटातल्या बाळाची थायरॉईड पहिले तीन महिने तयार नसते, ते आईच्याच हार्मोनवर असतं आणि मेंदू तेव्हाच घडत असतो, हे मावशीला डॉक्टरबाईंनी सांगितलेलं. तिनं अभिनंदन केलं, डोहाळे विचारले आणि मग पुढचं वाक्य, "टीएसएच केलीस काय गं? लिहून दिली नसली तर तू माग. आणि बाळ झाल्यावर त्याच्या टाचेतनं रक्त घेऊन करतात ती पण करून घ्यायची, मी येणार आहेच तेव्हा."