बुडालेला भात आणि सब-१ए जनुक

पावसाळ्यात बेळगावचा बळ्ळारी नाला फुगला, की वडगाव, शहापूर आणि येळ्ळूरच्या शिवारात शिरलेले पाणी लवकर हटत नाही. पाणी ओसरेपर्यंत रोपे गेलेली असतात आणि शेतकरी दुबार पेरणीच्या तयारीला लागतो. भात कुजला, असे आपण म्हणतो. पण कुजण्याआधी तो बहुधा उपाशी पडलेला असतो, आणि त्याला त्याच्याच पेशींत चालू झालेली जनुके कारणीभूत असतात.

भाताच्या मुळातील पेशी आणि पानातील पेशी यांचा डीएनए एकच असतो. वेगळे असते ते कोणते जनुक वाचले जाते, एवढेच. जनुकालगतच्या डीएनएवर नियामक प्रथिने बसतात. त्यांतील काही, जनुकाची आरएनए प्रत काढणाऱ्या विकराला तेथे आणतात, तर काही त्याला अडवून धरतात.

पेशी इथिलीन वायू सतत तयार करतात. हवेच्या तुलनेत पाण्यात तो सुमारे १०,००० पट हळू पसरत असल्यामुळे बुडालेल्या रोपात साचतो, आणि पूर आल्याची वर्दी पेशीला त्यातूनच मिळते. नेहमीच्या वाणांत या वर्दीनंतर जिबरेलिन या संप्रेरकाचा जोर वाढतो, काडी लांबवणारी जनुके चालू होतात आणि शेंडा पाण्याबाहेर काढण्यासाठी रोप साठवलेला स्टार्च खर्ची घालते. उथळ पाण्यात हे शहाणपणाचेच. गढूळ पाण्याखाली मात्र उजेड नसल्याने नवे अन्न तयार होत नाही, शिल्लक संपते आणि पाणी उतरताच लांबलेली काडी आडवी होते.

ओडिशातील एफआर-१३ए या भाताची तऱ्हा उलटी आहे. त्याच्या ९व्या गुणसूत्रावरील सब-१ए हे जनुक इथिलीन साचताच चालू होते. त्याचे प्रथिन स्वतःच नियामक असते: जिबरेलिनला रोखणाऱ्या प्रथिनांचे प्रमाण त्यामुळे वाढते, काडीची वाढ थांबते आणि स्टार्च शाबूत राहतो. अशी रोपे सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरतात. इथिलीन निघून गेला की जनुक थंडावते आणि रोप पुन्हा वाढू लागते.

या जनुकाची ओळख २००६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २००९ मध्ये ते संकराने आणलेले ‘स्वर्णा-सब-१’ हे वाण भारतात प्रसारित झाले. हेच जनुक बेळगावच्या बासमतीत आणले तर वास जाईल का, ही शंका रास्त आहे. परंतु सुवासिक भाताच्या गंधाशी मुख्यतः निगडित असलेले जनुक ८व्या गुणसूत्रावर असल्याने संकरानंतर दोन्हींची निवड स्वतंत्रपणे करता येते.