दिवे मालवल्यावर खोलीत काय होतं?

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘बंद खोलीतली लागवड: उभारणी आणि देखभाल’. उभारणीवर मी येणारच आहे, पण आधी मला पाण्याबद्दल बोलू द्या. तुमच्यापैकी बहुतेकांनी रॅकवर ट्रे मांडून, वर एलईडी टांगून काही ना काही वाढवलेलं आहे, तेव्हा प्रकाशसंश्लेषण शिकवत बसत नाही.

मला कुणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला: दिवे किती वॅटचे घेऊ? दुसरा: कुठल्या रंगाचे? पाणी कुठे जाणार, हे कुणी विचारत नाही. झाडांना दिवसाला वीस लिटर पाणी दिलंत, तर त्यातलं झाड स्वतःजवळ अगदी थोडं ठेवतं. नव्वद टक्क्यांहून कितीतरी जास्त पाणी पानांतून हवेत जातं. उघड्या शेतात ते आभाळाच्या हवाली होतं. खोलीत ते खोलीतच राहतं. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी सांगतो: बंद खोलीत पीक घ्यायचं असेल, तर हवेतलं पाणी काढणं हे तुमचं पहिलं काम.

आता एक हकीकत सांगतो, जरा लांबेल. माझे एक परिचित सॅलडची पानं पिकवायचे. लेट्यूस. बाहेरची पानं टवटवीत, पण मधला गड्डा उघडून पाहिला की कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी, करपल्यासारख्या. ज्याने सामान विकलं त्या विक्रेत्याने फोनवरच निदान केलं: कॅल्शियम कमी पडतंय. यांनी कॅल्शियम नायट्रेट वाढवलं. आठवडाभराने जास्तच करपलं. आणखी वाढवा म्हणाले. आणखी वाढवलं. खत विरघळवलेल्या पाण्याचा, म्हणजे द्रावणाचा, ईसी (त्यातल्या क्षारांचं माप) चढत गेला, मुळांना पाणी ओढणं जड झालं आणि पानं पहिल्यापेक्षा वाईट. विक्रेत्याने पुढे काय सुचवलं असेल? बरोबर, जास्त ताकदीचे दिवे! हसताय, पण तुमच्यापैकी दोघा-तिघांनी हेच ऐकलेलं असणार.

मी गेलो तेव्हा द्रावण तपासलंच नाही. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी फाडली आणि गड्ड्याच्या बरोबर वर धरली. पट्टी हलली नाही. खोलीत एसी होता, भिंतीवर पंखा होता, पण दोन रॅकच्या मधल्या त्या वीतभर जागेत हवा ठप्प. कॅल्शियम झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतं, आणि ते पाणी ज्या पानातून उडतं तिकडेच ओढलं जातं. गड्ड्यातलं मिटलेलं कोवळं पान दमट, निश्चल हवेत असतं. त्यातून पाणी उडत नाही, म्हणून कॅल्शियम पोचत नाही. टाकीत कितीही ओता! जपानमध्ये गोटो आणि ताकाकुरा यांनी १९९२ मध्येच दाखवलं होतं की आतल्या पानांवर हवा सोडली तर हे करपणं थांबवता येतं. आम्ही छोटे पंखे वरून खाली, गड्ड्यावर हवा सोडतील असे लावले. करपलेली पानं काही सुधारली नाहीत, ती सुधारत नसतातच. नवी आलेली पानं मात्र स्वच्छ होती.

आता रात्रीकडे या, कारण खरा घात तिथे होतो. दिवे चालू असताना खोली पंचवीस अंशांवर, आर्द्रता सत्तर टक्के. आकडे ठीक दिसतात. या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं दव होऊ लागतं ते, साधारण एकोणीस अंश आहे. दिवे गेले, खोली निवू लागली. थर्मोस्टॅटला वाटतं गारवा पुरेसा आहे, तो एसीचा कॉम्प्रेसर बंद करतो. म्हणजे जे यंत्र दिवसभर जाता जाता पाणीही काढत होतं, तेच थांबलं. मुळं ज्यात रुजतात त्या ओल्या माध्यमातून आणि पानांतून थोडं पाणी येतच राहतं. तापमान अठरावर आलं की पानांवर, पाइपांवर, भिंतीच्या कोपऱ्यात दव धरतं. राखाडी बुरशीला, बोट्रायटिसला, एवढंच हवं असतं. सकाळी दिवे लागतात, सगळं सुकतं, आणि माळी म्हणतो, काल तर काहीच नव्हतं.

या विद्येचा मोठा भाग गांजाच्या खोल्यांतून आला आहे, हेही स्पष्ट सांगतो. बऱ्याच देशांत परवान्याशिवाय ते झाड लावणं गुन्हा आहे आणि ते कसं लावावं हा आजचा विषय नाही. पण कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ पासून ते कायदेशीर केलं, अमेरिकेतल्या काही राज्यांनी त्याआधीच, आणि अशा खोल्यांच्या विजेचा हिशेब उघडपणे मांडता येऊ लागला. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये काढलेला आकडा असा: एक किलो वाळलेल्या फुलामागे २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन. हा फरक ठिकाणाचा, म्हणजे तिथल्या हवामानाचा आणि विजेचा. खर्च दिव्यांइतकाच हवा गार, गरम आणि कोरडी ठेवण्यात जातो. दिव्यांवरच बोलत राहिलो तर हा खर्च दिसतच नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. उभारणी, भरभर.

आधी उष्णता मोजा. बंद खोलीतल्या दिव्याची जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होते, एलईडी असला तरी. साडेतीन किलोवॅटच्या दिव्यांना सुमारे एक टनाचा एसी लागतो, तोही फक्त दिव्यांपुरता. मग पाणी मोजा: रोज जितके लिटर देता, जवळपास तितकेच लिटर काढू शकेल असं डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली आर्द्रता काढणारं यंत्र, घ्या, आणि ते एसीच्या थर्मोस्टॅटवर नव्हे, स्वतःच्या आर्द्रतामापकावर चालवा. ते स्वतः खोली तापवतं, तीही उष्णता एसीच्या हिशेबात धरा. भिंतींना उष्णतारोधक थर द्या, नाहीतर दव आधी तिथेच धरेल. जमिनीला उतार आणि निचरा सामान आणण्यापूर्वी करून घ्या, आणि पाण्याजवळच्या प्रत्येक वीजजोडणीला विजेची गळती ओळखून प्रवाह तोडणारा ब्रेकर हवाच.

प्रकाश: तो मोलमध्ये, म्हणजे झाडावर पडणाऱ्या प्रकाशकणांच्या संख्येत, मोजतात; लेट्यूसला दिवसाला चौरस मीटरमागे बारा ते सतरा मोल पुरतात. सेकंदाला अडीचशे मायक्रोमोलचा (मोलचा दहा लाखावा भाग म्हणजे मायक्रोमोल) प्रकाश सोळा तास दिलात की चौदा मोलांच्या वर होतात. शेवंतीसारखं पीक घेणार असाल तर अंधार अखंड ठेवा. रात्री मध्येच लागलेला दिवा कळी धरणं लांबवतो. दिवसाची लांबी फुलं ठरवते, हे गार्नर आणि अ‍ॅलार्डनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवर मांडलं. द्रावणाचा सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहा. माध्यमातल्या बारीक माश्यांसाठी पिवळे चिकट सापळे पहिल्या दिवसापासून.

आणि तापमान-आर्द्रतेची नोंद ठेवणारा लॉगर पानांच्या उंचीवर टांगा, दाराजवळच्या भिंतीवर नको. दिवे गेल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांचा आलेख रोज बघा. मागे हात वर आलाय, विचारा.