दार उघडल्यावर आधी कोणाला विचारायचं?

आदरणीय फादर, सिस्टर्स आणि मित्रहो, पत्रिकेत विषय छापलाय 'छळानंतरची ख्रिस्तसभा: पुनर्बांधणीचे तीन प्रश्न'. विषय मीच दिला होता त्यामुळे तक्रारीला जागा नाही. प्रश्न असे आहेत. छळाच्या काळात ज्यांनी भीतीपोटी धर्म नाकारला त्यांना परत कसं घ्यायचं? चोरून जे संस्कार झाले, ज्या गुरुदीक्षा झाल्या, म्हणजे जे फादर केले गेले, ते धरायचे की नाही? आणि तिसरा, आधी चर्च बांधायचं की आधी माणसं बघायची? तिन्हीवर बोलणार आहे, शब्द देतो. पण त्याआधी जरा नागासाकीला जाऊन येऊ. मला ओळखणारे लोक आत्ताच हसायला लागले, कारण त्यांना माहितीय की हा माणूस नागासाकीला गेला की लवकर परत येत नाही.

नागासाकी म्हटलं की आपल्याला आपला गोन्सालो गार्सिया आठवतो. वसईचा. 5 फेब्रुवारी 1597 ला निशिझाका टेकडीवर 26 जणांना क्रुसावर चढवलं त्यातला एक. त्या 26 जणांत सतरा जण साधे प्रापंचिक जपानी होते, आणि आपला गोन्सालोसुद्धा फादर नव्हता बरं का, फ्रान्सिस्कन ब्रदर होता, दुभाष्याचं काम करायचा. समोर बसलेल्या फादर लोकांनी राग मानू नये, मी फक्त आकडे सांगतोय.

तर त्यानंतर 1614 मध्ये तोकुगावा सरकारने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली, मिशनरी हाकलले, जे लपून राहिले त्यांना पकडून मारलं, आणि 1644 मध्ये कोनिशी मान्शो हे शेवटचे फादर मारले गेले. त्यानंतर दोनशे वीस वर्षं त्या देशात या लोकांना एकही फादर मिळाला नाही. मिस्सा म्हणजे आपली उपासना नाही, फादरांपुढे पापं सांगून क्षमा मागायची ते पापनिवेदन नाही, मिस्सेतला ख्रिस्तप्रसाद नाही, बिशप तर सोडाच. आता प्रामाणिकपणे विचार करा, उद्या आपल्याकडे दोनशे वीस वर्षं फादर आले नाहीत तर काय काय टिकेल? सणाची कमिटी टिकेल. आणि त्या कमिटीतलं भांडण टिकेल. बाकीचं मला खात्रीने सांगता येत नाही.

त्यांचं काय टिकलं, कसं टिकलं, हे नीट ऐका कारण माझं सगळं म्हणणं इथेच आहे. सरकारची सिस्टीम फार पक्की होती. प्रत्येक घराचं नाव कुठल्या ना कुठल्या बौद्ध मंदिराच्या वहीत असायलाच हवं, माणूस मेला की त्याच मंदिराचा भिक्षू येणार, तोच अंत्यविधी करणार. आणि वर नागासाकीत दरवर्षी 'फुमिए'. म्हणजे येशूची नाहीतर मरियामातेची प्रतिमा जमिनीवर ठेवायची आणि गावातल्या एकेकाने येऊन तिच्यावर पाय ठेवायचा. म्हातारे, बायका, कडेवरची पोरं, सगळ्यांनी. नकार दिला की संपलं.

आणि हे लोक पाय ठेवायचे! हे आपल्याला कुणी सांगत नाही. आपल्याला हुतात्म्यांच्या गोष्टी सांगतात, त्या सांगायलाच हव्यात, पण ज्यांनी धर्म सात पिढ्या पुढे नेला ते दरवर्षी पाय ठेवून घरी येणारे लोक होते. घरी यायचे आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायचे, तिला ते 'कोनचिरिसान' म्हणत, जुन्या मिशनरींनी 1603 च्या सुमारास एक पुस्तिका करून ठेवली होती की फादर मिळणारच नसेल तर मनापासून पश्चात्ताप करावा, आणि पुढे कधी फादर भेटले तर त्यांच्याकडे पापनिवेदन करायचं ही तयारी मनात ठेवावी. पुस्तिका हाताने उतरवून, नाहीतर पाठ करून, आईकडून मुलाकडे. म्हणजे नियमाच्या भाषेत बोलायचं तर ते सगळेच्या सगळे पतित, धर्म नाकारलेले. दरवर्षी पतित. आणि ख्रिस्तसभा त्यांनीच टिकवली.

त्यांची गावातली रचना पण बघण्यासारखी आहे. नागासाकीजवळ उराकामी म्हणून गाव, तिथे एक 'चोकाता' असायचा, त्याच्याकडे चर्चचं कॅलेंडर, सण कधी, ईस्टरआधीचा उपवासकाळ कधी हे तो सांगणार. हे कॅलेंडर 1634 चं, बास्तियान नावाच्या एका धर्मशिक्षकाच्या नावाने चालत आलेलं. मग 'मिझुकाता', म्हणजे बाप्तिस्मा देणारा. आणि 'किकियाकु', तो घरोघरी निरोप पोचवणार. बस्स. तीन पदं, सगळे शेतकरी, ना मानधन ना खुर्ची. त्या बास्तियानने मरण्याआधी सांगून ठेवलं होतं अशी त्यांच्यात समजूत होती की सात पिढ्यांनी मोठ्या काळ्या जहाजांतून पापनिवेदन ऐकणारे गुरू येतील, मग दर आठवड्याला पापनिवेदन करता येईल. दर आठवड्याला! आपल्याकडे वर्षातून एकदा लाइन लावायची म्हटलं तरी लोक घड्याळ बघतात.

आता 1865. जपानने परदेशी लोकांसाठी काही बंदरं उघडली होती, नागासाकीत परदेशी वस्तीत एक चर्च उभं राहिलं, ओउरा चर्च. पॅरिसच्या फॉरिन मिशन सोसायटीच्या फादरांनी बांधलं, परदेशी व्यापाऱ्यांसाठी, जपानी माणसाला ख्रिस्ती व्हायची बंदी अजून तशीच. आणि चर्च अर्पण कोणाला केलं? त्या 26 हुतात्म्यांना, ज्यांना तीन वर्षं आधी 1862 मध्ये संतपद मिळालं होतं. म्हणजे आपल्या गोन्सालोला! बांधलंही निशिझाकाकडे तोंड करून. जपानी लोक त्याला फ्रेंच देऊळ म्हणायचे, बघायला गर्दी करायचे.

17 मार्च, शुक्रवार, दुपारची वेळ. ओउरा चर्चचे फ्रेंच फादर पेतिजाँ यांना दाराशी दहा-पंधरा माणसं उभी दिसली, बायका पोरं धरून. नुसते बघे वाटेनात. त्यांनी दार उघडलं, आत जाऊन वेदीपुढे गुडघे टेकले. तेवढ्यात एक बाई जवळ आली, छातीवर हात ठेवून हळूच म्हणाली, आमच्या सगळ्यांचं मन तुमच्या मनासारखंच आहे. फादरांनी विचारलं कुठून आलात? उराकामीहून, आमच्याकडे बहुतेक सगळे असेच आहेत. आणि लगेच तिचा प्रश्न, सांता मारियाची मूर्ती कुठे आहे? मूर्तीपाशी नेलं तर कडेवरचा बाळ येशू बघून सगळे हरखले. मग सांगायला लागले, आता आमचा दुःखाचा काळ चालू आहे, तुम्ही पण पाळता का? उपवासकाळ हो! 17 मार्चला खरोखर उपवासकाळ चालू होता, दोनशे वीस वर्षं फादराशिवाय आणि कॅलेंडर बरोबर!

पुढच्या दिवसांत आणखी गावांतले लोक आले, आणि इथे मला नेहमी मजा वाटते, परीक्षा कोणी कोणाची घेतली बघा. रोमचे मोठे गुरू कोण, तुम्ही त्यांचेच का? आणि तुम्हाला बायकामुलं आहेत का? पोप, मरिया, अविवाहित धर्मगुरू. तिन्ही उत्तरं बरोबर आली तेव्हा त्यांनी फादरला पास केलं. पॅरिसहून शिकून आलेला माणूस, आणि शेतकऱ्यांनी त्याची तोंडी परीक्षा घेतली.

पेतिजाँ यांचं मोठेपण मी यात मानतो की त्यांनी ती दिली. नंतर आपणही विचारलं, बाप्तिस्मा देताना तुम्ही नेमके काय शब्द म्हणता, दाखवा. जिथे शब्द बिघडले होते तिथे दुरुस्ती केली, पण तुमचं सगळं चुकलं असं म्हणून पाटी पुसली नाही. प्रार्थनेची पुस्तकं छापायची वेळ आली तेव्हा योकोहामाकडच्या मिशनरींना चिनी धर्तीचे नवे शब्द हवे होते, पेतिजाँनी या लोकांच्या आज्या म्हणत होत्या तेच जुने शब्द ठेवले. बिशप झाल्यावरसुद्धा.

इथे माझी एक जुनी तक्रार आहे, ती सांगितल्याशिवाय मी घरी जाणार नाही. कुठल्याही ज्युबिलीची स्मरणिका उघडा. आधी संदेश, मग देणगीदार, मग येऊन गेलेल्या सगळ्या फादरांचे फोटो क्रमाने, मग वास्तूचा इतिहास, कौलं कधी काढली, टाइल्स कधी लावल्या. घरोघरी रोझरी चालवणारी बाई, कॅटेकिझम शिकवून पोरांच्या तीन पिढ्या तयार करणारे मास्तर, मेलेल्या माणसाच्या उशाशी रात्रभर प्रार्थना म्हणणारे आजोबा, यांचं एक पान नाही. मी एका स्मरणिकेच्या कमिटीत हे पान सुचवलं होतं. उत्तर आलं, जाहिरातींमुळे जागा नाही! आपल्याला चर्च म्हणजे इमारत आणि फादर एवढंच दिसतं, म्हणून छळ संपला की आपण आधी सिमेंट मागवतो.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. दहा मिनिटं. बरं.

मग नागासाकीचं पटकन संपवतो. उराकामीत चोरून मिस्सा सुरू झाल्या, फादर रात्री वेष बदलून जायचे. 1867 मध्ये गावकऱ्यांनी ठरवलं की आता आमच्या मयताला बौद्ध भिक्षू नको. झालं, धरपकड. पुढे गावच्या गाव उचललं, तीन हजारांहून जास्त माणसं जपानभर वेगवेगळ्या संस्थानांत हद्दपार, सहाशेहून जास्त तिकडेच मेली. उपाशी ठेवून, थंडीत उभं करून धर्म सोडायला लावलं, शेकडो जणांनी सोडला असं तोंडाने म्हटलंही. पाश्चात्त्य देशांचा दबाव वाढला तेव्हा 1873 मध्ये बंदीच्या पाट्या उतरवल्या आणि लोक घरी आले. घरं मोडकळीला आलेली, शेतं पडीक.

आता तीन प्रश्न, धावत.

पहिला, ज्यांनी नाकारलं त्यांचं काय. हे भांडण तिसऱ्या शतकापासूनचं आहे. रोमन सम्राट डेसियसने 250 मध्ये देवांना बळी दिल्याचे दाखले सक्तीचे केले, काहींनी बळी दिला, काहींनी नुसता दाखला विकत घेतला. कार्थेजचे बिशप सिप्रियान यांनी 251 मध्ये मधला रस्ता काढला, परत घ्यायचं पण प्रायश्चित्तानंतर, आणि ज्याने जेवढं केलं तेवढंच प्रायश्चित्त. पुढे सम्राट डायोक्लेशियनच्या छळानंतर उत्तर आफ्रिकेतला डोनाटिस्ट नावाचा कडक गट म्हणाला, ज्या बिशपांनी पवित्र ग्रंथ शिपायांच्या हाती दिले त्यांच्या हातचे संस्कारच खोटे. 314 च्या आर्लच्या धर्मसभेने ते नाकारलं, संस्कार देणाऱ्याच्या लायकीवर अवलंबून नसतो. डोनाटिस्टांच्या मोजपट्टीने मोजलं असतं तर नागासाकीत 1865 ला एकही ख्रिस्ती उरला नसता, एवढंच माझं म्हणणं. उराकामीत हद्दपारीत तोंडाने सोडून आलेले बरेच जण नंतर परत चर्चमध्ये आले, शेजारीच राहिले, त्याच बाकावर बसले.

दुसरा प्रश्न अवघड आहे आणि मला त्याला अर्धा तास हवा होता. चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्ट काळात बिशप फेलिक्स दाविदेक यांनी गुप्तपणे गुरुदीक्षा दिल्या, लग्न झालेल्या पुरुषांनाही दिल्या, 1970 मध्ये लुदमिला याव्होरोवा या बाईंनाही दिली. 1989 नंतर सगळं उघड झालं. रोमने बाईंची दीक्षा मानली नाही, बाकीच्यांना सांगितलं की वैधतेबद्दल शंका आहे, तेव्हा सशर्त पुन्हा दीक्षा घ्या, लग्न झालेल्यांसाठी ग्रीक कॅथलिक परंपरेची वाट काढली, तिथे लग्न झालेले फादर चालतात. बऱ्याच जणांनी घेतली, काहींनी साफ नकार दिला. नियम म्हणून रोमची काळजी मला कळते, संस्कारात शंका ठेवून चालत नाही. पण वर्षानुवर्षं जीव मुठीत धरून मिस्सा करणाऱ्या माणसाला दार उघडल्यावर पहिला प्रश्न तुझे कागद कुठे, हा विचारायचा का? पेतिजाँनीही तपासलंच की, पण आधी स्वतः परीक्षा देऊन मग.

तिसरा, इमारत. कम्युनिस्ट अल्बेनियाने 1967 मध्ये सगळी देवळं, मशिदी, चर्च बंद केली, श्कोदर शहरातल्या कॅथिड्रलचं, म्हणजे बिशपांच्या मुख्य चर्चचं, क्रीडागृह झालं. 4 नोव्हेंबर 1990 ला तुरुंगातून सुटलेले फादर सिमोन युबानी यांनी पहिली उघड मिस्सा केली ती श्कोदरच्या दफनभूमीत, क्रीडागृह रिकामं व्हायची वाट बघत बसले नाहीत. आणि मधल्या वर्षांत बाप्तिस्मे कोण देत होतं? मारिया कालेता नावाच्या एक सिस्टर होत्या, लोक रस्त्यात गाठून मूल पुढे करायचे. 1993 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आले, चार बिशप दिले, सगळं झालं, पण त्याच्याआधी ती बाई होती. उराकामीचं तसंच. हद्दपारीहून परत आल्यावर 1874 मध्ये आमांशाची साथ आली, तेव्हा इवानागा माकी ही हद्दपारी भोगून आलेली तरुणी आणि तिच्यासोबतच्या बायका मिशनरी फादर दे रोत्झ यांच्याबरोबर आजाऱ्यांमध्ये उतरल्या, मग अनाथ पोरं सांभाळायला एकत्र राहू लागल्या. पहिले तीन जपानी फादर 1882 ला झाले. मोठ्या कॅथिड्रलचं काम 1895 ला सुरू झालं, 1914 ला पूर्ण. जागा कुठली घेतली होती? गावच्या मुखियाचा वाडा, जिथे यांना प्रतिमेवर पाय ठेवायला लावायचे तोच.

आणखी एक गोष्ट राहते आणि ती माझ्या बाजूची नाही म्हणून सांगायलाच हवी. सगळे लपलेले ख्रिस्ती परत आले नाहीत. जवळजवळ अर्ध्यांनी, इकित्सुकी बेटावरच्या लोकांनी विशेषतः, फादरांना नको म्हटलं, आम्ही वाडवडिलांनी दिलं तेच पाळणार. पेतिजाँसारखा ऐकणारा माणूस असूनही. मला वाटतं तिथल्या बाप्तिस्मा देणाऱ्यांना फादर आल्यावर आपलं काम काय हे कुणी नीट सांगितलं नाही, पण हा माझा अंदाज आहे, आणि अध्यक्ष आता उभेच राहिलेत, त्यामुळे माईक त्यांच्याकडे देतो, या मुद्द्यावर कुणाला वाद घालायचा असेल तर मी बाहेर थांबलोय.